खांद्याला सोसेल अशी रायफल

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळत आला आहे: .३०-०६ घ्या, नाहीतर .३०८ घ्या, म्हणजे पुन्हा विचार करायला नको. सल्ला चुकीचा नाही. १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी तयार झालेले .३०-०६ हे काडतूस आणि १९५२ साली विंचेस्टर कंपनीने बाजारात आणलेले .३०८ या दोघांनी त्या देशातले जवळजवळ प्रत्येक जातीचे मोठे जनावर आजवर पाडले आहे. पण असा सल्ला देणाऱ्याचे सगळे लक्ष जनावराकडे असते. रायफल कोण धरणार आहे, हे तो विचारत नाही. धरणारी चौदा वर्षांची मुलगी असेल, खांद्याची शस्त्रक्रिया झालेला साठीतला गृहस्थ असेल, किंवा आयुष्यात कधी बंदुकीला हात न लावलेला आणि आता डॅलसजवळ स्थायिक झालेला एखादा मराठी माणूस असेल. पहिल्या दोन-चार बारांत खांद्यावर बसलेला दणका अशी माणसे विसरत नाहीत. पुढच्या वेळी चापावर बोट जाताच अंग आपोआप आकसते आणि नेम बिघडतो.

हा लेख अमेरिकेतल्या शिकारीविषयी आहे, हे आधीच सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. कोकणात आणि विदर्भात रानडुकरे उभ्या पिकाची कशी नासाडी करतात हे आपण जाणतो, तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्यांना मारणे आपल्याकडे गुन्हाच ठरतो. अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे डुक्कर मूळचे नाहीच. १५३९ साली हर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याने आपल्याबरोबर डुकरे आणली होती. पुढे वसाहतवाल्यांची मोकाट सुटलेली डुकरे आणि विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी आणून सोडलेली युरोपातली रानडुकरे यांचा संकर होत गेला. अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजाने आज त्या देशात साठ लाखांहून अधिक रानटी डुकरे आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी संख्या टेक्सासात आहे. शेतीचे नुकसान इतके, की २०११ साली टेक्सासने पैसे भरणाऱ्या शिकाऱ्यांनाही हेलिकॉप्टरमधून त्यांच्यावर गोळ्या झाडायला मुभा दिली. हरीण मात्र ठरावीक हंगामात, परवान्यावर आणि मोजक्याच संख्येत मारता येते. त्यामुळे तिथल्या सामान्य शिकाऱ्याला हवी असते ती नोव्हेंबरात हरणाला आणि बाकीचे वर्षभर डुकराला चालेल अशी एक रायफल.

आता धक्का येतो कुठून ते पाहू. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा दारूचा वायू नळीतून जेवढा संवेग घेऊन पुढे जातो, तेवढाच संवेग रायफल मागे घेऊन येते. म्हणजे हिशेब गोळीचे वजन, तिचा वेग, दारूचे वजन आणि रायफलीचे वजन एवढ्यांचा आहे. यांतले दारूचे वजन लोक विसरतात. वायू गोळीपेक्षाही जास्त वेगाने नळीबाहेर पडतो, त्यामुळे काडतुसात जितकी जास्त दारू तितका दणका वाढतो. अमेरिकेत गोळी आणि दारू ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि १०० ग्रेनची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची. धक्क्याची ऊर्जा फूट-पाउंडात सांगतात.

आठ पौंडांची, म्हणजे दुर्बिणीसकट सुमारे ३.६ किलोची रायफल धरली, तर १८० ग्रेनच्या गोळीचे .३०-०६ खांद्यावर २२ फूट-पाउंडांच्या आसपास धक्का देते. १५० ग्रेनचे .३०८ सुमारे १६, १४० ग्रेनचे ७ मिमी-०८ सुमारे १४, ६.५ क्रीडमूर सुमारे १३ आणि १०० ग्रेनचे .२४३ विंचेस्टर ९ च्या आसपास. .२२३ चार फूट-पाउंडांपर्यंतही जात नाही. नवशिक्याने पंधराच्या आत राहावे असे जाणकार साधारणपणे सांगतात, आणि मला तो आकडा पटतो. धक्का किती झटक्यात येतो, हेही पाहावे लागते. त्याच आठ पौंडांच्या .३०-०६ चा दस्ता सेकंदाला तेरा फुटांहून अधिक वेगाने मागे येतो आणि .२४३ चा नऊ फुटांच्याही आत. खांद्याला हा फरक आकड्यांपेक्षाही मोठा वाटतो.

रायफल हलकी केली की हाच धक्का वाढतो. आठ पौंडांऐवजी सहा पौंडांची रायफल घेतली तर त्याच काडतुसाची धक्क्याची ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. इथे कारखानदारांची एक पद्धत मला खटकते. मुलांसाठी आणि लहान चणीच्या स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली नळीने आखूड आणि वजनाला हलक्या असतात. उचलायला त्या सोप्या असतात, पण ज्याला सर्वांत कमी दणका हवा त्यालाच सर्वांत जास्त बसतो, आणि आखूड नळीमुळे आवाजही जास्त येतो. मुलासाठी घ्यायचा तो दस्ता आखूड हवा, कारण दस्ता लांब असला तर मूल मागे रेलून रायफल धरते आणि दणका खांद्याच्या हाडावर घेते. वजन मात्र उगाच कमी करू नये.

शिकार बिघडते ती बहुतेक वेळा धक्क्याच्या धास्तीने. चाप ओढायच्या क्षणी माणूस डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो, बोट हिसकतो. रायफलीचा बार झाला की ही हालचाल दणक्यात लपून जाते आणि नेमबाजाला स्वतःला ती कळत नाही. त्याला वाटते दुर्बीण सरकली आहे. ओळखायची रीत सोपी आहे. सोबत्याने रायफल भरून द्यावी आणि मधूनच दारू नसलेले सरावाचे काडतूस घालावे. नेमबाजाला ते ठाऊक नसते. चाप ओढल्यावर बार झाला नाही, तरी नळीचे तोंड खाली झुकले, तर धास्ती अंगात मुरली आहे असे समजावे. वर्षानुवर्षे शिकार केलेली माणसेही या परीक्षेत सापडतात. धास्ती एकदा बसली की ती जायला महिने लागतात, म्हणून ती बसू न देणे हेच उत्तम.

या धास्तीत आवाजाचा वाटा मोठा असतो. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि कानावरचा आघात शरीर खांद्यावरच्या आघाताशी जोडून टाकते. सरावाला कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक असे दोन्ही घातले, की तीच रायफल सौम्य वाटू लागते. नळीच्या तोंडाला छिद्रे असलेला ब्रेक बसवला तर धक्का चांगलाच घटतो, पण वायू बाजूला फेकला जाऊन आवाज भयंकर वाढतो. शेजारी बसलेल्या वाटाड्यालाही तो सोसवत नाही. मऊ रबराची गादी दस्त्याला लावणे हा स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे. जिथे कायद्याने चालते तिथे सायलेन्सर सर्वांत बरा, कारण तो धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की मग .२२३ च का घेऊ नये? याचे उत्तर जनावराच्या शरीरात आहे. व्हाइटटेल जातीचे हरीण हे काही फार मोठे जनावर नाही. मध्य टेक्सासातल्या टेकड्यांतला नर विस्कॉन्सिन-मेनमधल्या दोनशे पौंडांच्या नराच्या जेमतेम निम्मा भरतो. त्याचे हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण आठ इंच व्यासाचे लक्ष्य होते. बरगड्या पातळ, कातडी पातळ. गोळी तिथे लागली आणि आत फुलली, की हरीण शंभर पावलांच्या आत कोसळते. पण हरीण नेहमी आडवे उभे राहत नाही. तिरकस उभ्या हरणाच्या खांद्याचे हाड फोडून फुप्फुसापर्यंत जायला गोळीत वजन लागते. .२२३ ची पारंपरिक हलकी गोळी तिथे वरवर फुटण्याचा धोका असतो. व्हर्जिनियात हरणासाठी .२३ पेक्षा लहान कॅलिबर, म्हणजे नळीचा इंचांतला व्यास, चालत नाही. कोलोरॅडोत निदान .२४ चे कॅलिबर, हरणासाठी निदान ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असावी लागते. टेक्सासात मात्र हरणाला सेंटरफायर काडतूस असले की पुरे, .२२३ ही चालते. कायदा मुभा देतो म्हणून ते नवशिक्याने वापरावे असे मी म्हणणार नाही.

डुकराचे शरीर आणखी निराळे आहे, आणि हरणाची सवय झालेला शिकारी इथेच फसतो. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे हरणापेक्षा खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये असतात. हरणाला मारतात तशी खांद्याच्या मागे गोळी घातली, तर ती यकृतात किंवा पोटात जाते आणि डुक्कर झाडीत पळून जाऊन तासन्‌तास तळमळत मरते. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात धरावा लागतो. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कूर्चेसारखे घट्ट, जाड कवच तयार झालेले असते. नर एकमेकांना सुळ्यांनी भिडतात तेव्हा ते त्यांना वाचवते. त्यातून चरबी आणि राठ केस जखम बुजवून टाकतात, त्यामुळे रक्ताचा माग बेताचाच मिळतो. डुकरासाठी म्हणून कॅलिबर फार मोठे लागत नाही, पण गोळी आरपार जायला हवी. बाहेर पडण्याच्या भोकातूनच माग लागतो.

म्हणून कमी धक्क्याच्या रायफलीत सगळा भार गोळीच्या बनावटीवर येतो. १९४६ साली जॉन नॉस्लर हा ट्रक-व्यवसायातला माणूस ब्रिटिश कोलंबियात मूस या अवाढव्य जनावराच्या शिकारीला गेला. चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटल्या, आत शिरल्याच नाहीत. परत येऊन त्याने तांब्याच्या कवचात मध्ये आडवी भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून खोल जातो. हीच 'पार्टिशन' गोळी, आणि १९४८ पासून ती विकली जाऊ लागली. आज शिसे आणि कवच एकमेकांना जोडून टाकलेल्या गोळ्या मिळतात. बार्न्ससारख्या कंपन्यांच्या संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही आहेत, आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसेविरहित गोळीच लागते. अशी गोळी घातली की लहान कॅलिबर आपल्या वजनापेक्षा मोठे काम करते. लहान उपद्रवी जनावरांसाठी बनवलेली पटकन फुटणारी गोळी .२४३ मध्येही मिळते, आणि दुकानात खोक्यावरचे न वाचता ती हरणासाठी विकत घेणारे लोक आहेत. .२४३ ला नावे ठेवली जातात त्यांतली कित्येक या गोळीमुळे.

हलक्या काडतुसाने मोठे जनावर पडते याचा जुना पुरावा आपल्या ओळखीचा आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेटना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. .२७५ रिग्बी म्हणजे जर्मन ७×५७ माउझरचेच इंग्रजी नाव, आणि ते काडतूस धक्क्याला सौम्य म्हणूनच प्रसिद्ध आहे. आजचे ७ मिमी-०८ त्याच्याच तोडीचे काम करते. स्वीडन-नॉर्वेत ६.५×५५ या १८९० च्या दशकातल्या काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले जातात, आणि मूस हरणाच्या कितीतरी पट वजनाचा असतो. लांब, जड, मंद गतीची गोळी खोल जाते, हे त्याचे कारण.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. .२४३ विंचेस्टर १९५५ पासून आहे, .३०८ चेच पितळी कवच तोंडाशी अरुंद करून ते बनवले आहे, आणि अमेरिकेतल्या कित्येक मुलांचे पहिले हरीण त्यानेच पडले आहे. चांगली १०० ग्रेनची गोळी घातली तर अडीचशे यार्डांपर्यंत हरणासाठी ते निःशंक वापरावे. डुकरासाठी मी ते अंतर निम्म्यावर आणीन, आणि मोठ्या नराच्या खांद्यावर झाडणार नाही.

६.५ क्रीडमूर हे हॉर्नडी कंपनीने २००७ साली काढलेले काडतूस मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी होते. त्याची बारीक, लांब गोळी हवेत वेग कमी गमावते, त्यामुळे ३०० यार्डांवरही तिच्यात हजार फूट-पाउंडांच्या बरीच वर ऊर्जा उरते. धक्का .२४३ पेक्षा जास्त, .३०८ पेक्षा कमी. ७ मिमी-०८ रेमिंग्टन १९८० सालचे. १४० ग्रेनची रुंद गोळी जरा अधिक मोठी जखम करते आणि हाडाला दबत नाही. या दोघांत जनावराला फरक कळणार नाही. दुकानात मात्र कळतो: क्रीडमूरची काडतुसे लहान गावातल्या दुकानातही मिळतात, ७ मिमी-०८ ची शोधावी लागतात.

झाडीत शंभर यार्डांच्या आत शिकार असेल तर १८९५ चे .३०-३० अजूनही उत्तम आहे. रात्री डुकरांच्या कळपावर लागोपाठ बार करायचे असतील, तर एआर जातीच्या रायफलीत बसणारे २००३ चे ६.५ ग्रेंडेल घ्यावे. त्याचा धक्का आठ फूट-पाउंडांच्या आसपास राहतो. .३०० ब्लॅकआउट त्याहूनही सौम्य, पण त्याचे अंतर शंभर यार्डांच्या आतलेच. ओहायो, आयोवा, मिशिगनचा दक्षिण भाग अशा सपाट प्रदेशांत बाटलीच्या आकाराची काडतुसे हरणासाठी बरीच वर्षे चालत नसत. तिथे शॉटगनची जड एकगोळी वापरावी लागे, आणि तिचा दणका .३०-०६ लाही मागे टाकतो. आता तिथे सरळ कवचाची काडतुसे चालतात, आणि त्यासाठीच २०१९ साली आलेले .३५० लेजंड नऊ फूट-पाउंडांच्या आत राहते. त्या राज्यांतल्या लहान चणीच्या शिकाऱ्यांना याहून मोठा दिलासा मिळालेला नाही. घरात आधीच .३०८ किंवा .३०-०६ असेल तर नवी रायफल घेण्याआधी हॉर्नडीच्या 'कस्टम लाइट'सारखी कमी दारूची काडतुसे वापरून पाहावीत.

अमेरिकेत एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मराठी वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला तिथल्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगायला बंदी आहे. मुदतीतला शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला परवाना लागत नाही. या बातमीवर विसंबून व्हिसाधारकाने परवान्याशिवाय मित्राची रायफल हाती घेतली, तर तो संघीय गुन्हा होऊ शकतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. तरीही दोघांनी वकिलाला विचारून घेतलेले बरे. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासात शिकारीचे प्रशिक्षणही सक्तीचे आहे, आणि ते मनापासून करावे. डुक्कर सोलताना हातमोजे घालायला विसरू नका, कारण या डुकरांत ब्रुसेलोसिसचे जंतू असतात आणि ते माणसाला लागतात.

हरीण आणि डुक्कर दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची असेल, तर माझा कौल ६.५ क्रीडमूरला आहे: साडेसात-आठ पौंडांची साधी बोल्ट रायफल, रबराची गादी आणि १४० ग्रेनच्या आसपासची, जोडलेल्या शिशाची किंवा तांब्याची गोळी. अगदी लहान मूल किंवा दुखरा खांदा असेल तर .२४३, फक्त अंतर आवरते ठेवून. शिकारीला वापरणार असाल त्याच काडतुसाने रायफल १०० यार्डांवर नेमावर आणा आणि मग टेबल सोडून बसून, गुडघा टेकून, झाडाला टेकून सराव करा. महागड्या मोठ्या कॅलिबरसाठी बाजूला ठेवलेले पैसे याच काडतुसांच्या आणखी काही खोक्यांवर खर्च करा, आणि ती सगळी हंगाम उघडण्याआधी झाडून संपवा.